मुगी जागची हलली नाही

शिकारीच्या मी विरुद्ध आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मागून मला शिकवायला येणार नाही. विलास गुप्तेबद्दल लिहायचं तर बंदूक आणि बदकं टाळता येत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

विलास मुंबईच्या एका बँकेचा माणूस. तीन वर्षांच्या पोस्टिंगवर जपानला आला, टोकियोजवळ उरायासुत फ्लॅट घेतला, बायको मेधा आणि मुलगी सोबत. मार्च २०११ला भूकंप झाला आणि उरायासुची जमीनच फसली. रस्त्यांतून राखाडी चिखल उकळल्यासारखा वर आला, गटारं बंद, नळाला पाणी नाही. बँकेने बायकापोरांना आठवड्यात मुंबईला धाडलं. मेधाने ठाण्यात नोकरी धरली आणि परत यायचं नाव काढलं नाही. विलास राहिला, पोस्टिंग वाढवून घेत. सहकारी पळाले तेव्हा हा फावडं घेऊन चिखल उपसत होता. मी कावासाकीहून आमच्या महिला मंडळाच्या चार बायकांना घेऊन मदतीला गेले होते, तिथे ओळख झाली.

हिराबायाशी-सानही तिथेच भेटले. सत्तरी ओलांडलेले, तोने नदीकाठच्या गावात एकटे राहणारे भातशेतकरी. स्वतःच्या विहिरीचं पाणी छोट्या ट्रकमध्ये भरून रोज दोन तास चालवत आणायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आभार मानायच्या आत निघून जायचे. विलास त्यांच्यामागे लागला. आधी पाणी उतरवायला, मग रविवारी शेतावर, मग दर रविवारी. माणसाला घर लागतं. त्याने ते तिथे शोधलं.

म्हातारा जुना बदकशिकारी. २०१६त त्याने पिवळी लॅब्राडोर आणली, नाव मुगी. मुगी म्हणजे जव, रंग तसाच होता. पण त्याचे स्वतःचे गुडघे गेले होते, म्हणून तिला तयार करायचं काम विलासकडे आलं.

बदकाच्या कुत्र्याला धावायला शिकवावं लागत नाही, ते आईच्या पोटातूनच शिकून येतं. शिकवायचं ते न धावणं. बार झाला, पक्षी डोळ्यांसमोर पाण्यात पडला, तरी हुकूम होईपर्यंत बसून राहायचं. मधेच उडी मारली तर ती नळीसमोर येते, आणि मग कुत्रा जातो. म्हाताऱ्याचा आधीचा कुत्रा कुरो असाच गेला होता, दुसऱ्या एका शिकाऱ्याच्या छऱ्यांनी. ते एकदाच म्हणाले होते, "ही उठली तर मी हिला परत नेणार नाही. पुन्हा तसं उचलून आणायचं माझ्यात बळ नाही."

विलासने ते मनावर घेतलं. कॅनव्हासचा डमी फेकायचा, दोन लाकडी ठोकळे बंदुकीसारखे आपटायचे, 'माते' म्हणायचं, म्हणजे थांब. मला दर वेळी वाटे हा देवीला हाक मारतोय. मग डमी आणायला मुगीने नाही, विलासने जायचं. चारातून तीनदा स्वतः. पन्नाशीचा बँकवाला गुडघाभर चिखलात कापडाची गुंडाळी आणतोय आणि कुत्री बसून बघतेय.

"विलासराव, शिकतंय कोण?" मी विचारलं.

"दोघं," तो म्हणाला. "ताई, तुम्हीही बसा जरा शेजारी. फायदा होईल."

वर्षभरात मुगी दगड झाली. डोक्यावरून बदक गेलं तरी फक्त कानांची टोकं हलायची. विलासला तिचा एवढा अभिमान, की तो दुसरीकडे बघायचाच बंद झाला.

मी बघत होते. म्हातारा मुगीला कुरो म्हणायचा. एकदा दोन्ही पायांत डावेच बूट. हे चालतं, वय आहे. पण मे महिन्यात चहाला दूध काढायला मी त्यांचा फ्रीज उघडला, तर दारातल्या अंड्यांच्या खाचांमध्ये चार अंडी, आणि पाचव्या खाचेत एक लाल काडतूस उभं ठेवलेलं. या देशात काडतूस कुलपात ठेवायचा कायदा आहे. मी विलासला हाक मारली.

विलासने ते पाहिलं, शांतपणे उचललं, म्हाताऱ्याच्या पेटीत ठेवलं आणि फ्रीज लावला. परवाना नसलेल्याने काडतुसाला हात लावणं हाही गुन्हाच. त्याला माहीत होतं.

"बोला त्यांच्याशी," मी म्हटलं.

"त्यांना काय वाटेल? वडीलमाणूस आहे."

"वडीलमाणूस आहे म्हणूनच बोला!"

"तुम्हाला प्रत्येक ठिकाणी मोर्चाच काढायचा असतो, ताई."

मी चिडून दोन महिने गेले नाही. ते चुकलंच माझं. कारण त्याच दोन महिन्यांत ती परीक्षा झाली.

पंच्याहत्तरीनंतर बंदुकीचा परवाना नवा करायचा तर इथे स्मरणशक्तीची परीक्षा घेतात. आज तारीख काय, वार काय. सोळा चित्रं दाखवतात आणि थोड्या वेळाने कोणती होती ते विचारतात. सांगितलेल्या वेळेचं घड्याळ काढायला लावतात. माणसाचं डोकं जागेवर आहे का, एवढंच बघायचं असतं. आणि आमच्या विलासने काय करावं? त्याने म्हाताऱ्याची शिकवणी घेतली! परीक्षा दिसली की मराठी माणसाला दुसरं काही दिसत नाही. पुस्तकाच्या दुकानातून सरावाची पुस्तिका आणली. त्यात चित्रांचे चारच संच असतात हे याच्या लक्षात आलं, म्हणजे अपेक्षित प्रश्नसंचच मिळाला. चारही संचांच्या गोष्टी रचल्या, कोंबडा खुर्चीवर बसून द्राक्षं खातो, खुर्ची ट्रकमध्ये, ट्रकवर छत्री. रोज रात्री फोनवर उजळणी. घड्याळ काढून काढून हात बसवला. परीक्षेच्या सकाळी दारात वर्तमानपत्र धरून तारीख तीनदा वदवून घेतली.

मला फोन आला तो असा. "ताई, पास! पंच्याऐंशी मार्क!"

मी फोन ठेवून दिला.

पंधरा नोव्हेंबरला मोसम उघडतो. विलासने आग्रहाने बोलावलं होतं, मुगी बघायला या म्हणून. मी आदल्या संध्याकाळी गेले ते कुत्री बघायला नाही. पहाटे अंधारातच आम्ही तळ्यावर पोचलो. धुकं एवढं, की समोरचा काठ नव्हताच. बोरूच्या आडोशाला म्हातारा स्टुलावर बसला, मांडीवर दुनळी. शेजारी विलास, मागे मी. मुगीला दहा पावलं पुढे, पाण्याच्या कडेला, वाळक्या बोरूत बसवलं. पिवळ्यात पिवळी.

उजाडलं तशी तीन बदकं आली. म्हाताऱ्याचे हात, काय सांगू, हात तिशीतले होते. एक बार, एक बदक. मुगी थरथरली, पण उठली नाही. विलासने हुकूम दिला, ती पोहत गेली, पक्षी घेऊन आली, पुन्हा जागेवर जाऊन बसली. विलासने माझ्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

म्हाताऱ्याने नळी उघडली, नवं काडतूस भरलं. मग बराच वेळ काही नाही. धुकं विरत नव्हतं. पलीकडे कुठेतरी शेतातला पंप सुरू झाला आणि बंद पडला.

"हलू नका," हिराबायाशी-सान अगदी हळू म्हणाले. "कोल्हा."

बंदूक वर आली. नळी मुगीच्या पाठीवर होती.

विलास हसला आधी. मग त्याचं हसू तसंच राहिलं. "हिराबायाशी-सान, ती मुगी आहे."

"श्श. बसलाय बघा. कसा बसलाय."

विलास काय विचार करत होता ते मला आज कळतं. शीळ घातली तर मुगी सरळ नळीकडे धावत येणार. बंदुकीला हात लावावा तर बोट घोड्यावर. आणि मुगी? बंदूक उचलल्याची चाहूल तिला लागली होती. चाहूल लागली की आणखी स्तब्ध व्हायचं, हे त्यानेच तिला वर्षभर शिकवलं होतं. साधी गावठी कुत्री असती तर शेपूट हलवून वाचली असती.

मी ओरडले असते तर बार झाला असता.

विलास उठला. धावला नाही. आडोशाच्या कडेने बाहेर पडला आणि नळीसमोर गेला, पाठ बंदुकीकडे करून. दहा पावलं. मी ती मोजली नाहीत, पण प्रत्येक पाऊल चिखलातून निघतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. मुगीसमोर जाऊन तो वळला आणि उभा राहिला.

"गुप्ते-सान, बाजूला व्हा," म्हातारा वैतागून म्हणाला. "तुमच्या मागे कोल्हा आहे."

"हो. मी बघतो त्याला. तुम्ही आधी बंदूक उघडा."

किती वेळ गेला कोण जाणे. मग खट्‌कन आवाज झाला, नळी खाली लवली आणि दोन लाल काडतुसं चिखलात पडली. विलास मुगीशेजारी बसला. मुगीने त्याचं तोंड चाटलं.

मी फोन काढला. "पोलिसांना लावते."

"ठेवा तो," विलास म्हणाला. "मी जाऊन सांगणार."

बंदूक त्याच्या मालकानेच पिशवीत घातली, कारण कायद्याने दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तरुण अधिकारी होता, फार नम्र. त्याने फाईल उघडली. "यांचा परवाना तर जूनमध्ये नवा झालाय. परीक्षा उत्तम."

"अहो, आत्ता तासाभरापूर्वी त्यांनी कुत्रीला कोल्हा समजून बंदूक रोखली!" मी टेबलावर हात आपटला.

"धुक्यात होतं असं," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याला तारीख विचारली. बरोबर. चित्रं आठवतात का? म्हाताऱ्याने मांडीवर हात ठेवले आणि सोळाच्या सोळा म्हणून दाखवली, कोंबड्यापासून छत्रीपर्यंत.

"माझ्यापेक्षा बरे आहेत," अधिकारी हसला आणि फाईल मिटू लागला. बंदूक परत जाणार होती. उद्या पहाटे पुन्हा तेच तळं.

"ते त्यांना आठवत नाही," विलास म्हणाला. "मी पाठ करून घेतलंय. चारही संच. तारीख मी सकाळी फोनवर सांगतो, आजचीही मीच सांगितली."

अधिकाऱ्याचं हसू गेलं. "हे तुम्ही कुणासमोर बोलताय, कळतंय ना? रेसिडेन्स कार्ड."

विलासने कार्ड ठेवलं. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी फ्रीजमधलं काडतूसही सांगितलं, स्वतःच्या हाताने उचललं म्हणून. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. तो थांबला नाही.

सगळं लिहून झाल्यावर हिराबायाशी-सान बोलले. आवाज स्वच्छ होता. "वसंतापासून मला कळत होतं, की माझं डोकं जातंय. परीक्षेत नापास व्हायचं ठरवलं होतं. पण तुम्ही रोज रात्री फोन करत होतात, गुप्ते-सान. इतक्या मेहनतीने. तुमचं मन मोडवेना."

विलासने मान खाली घातली. मला दोघांचाही असा राग आला, की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

बंदूक त्या दिवशीच जमा झाली. विलासला तीनदा बोलावलं, समज देऊन सोडलं. व्हिसा मात्र पुढल्या खेपेला एकाच वर्षाचा मिळाला आणि बँकेतही कुजबुज झाली. म्हाताऱ्याला मुलीने योकोहामाला नेलं. विलासने उरायासुचं घर सोडलं, म्हाताऱ्याच्या गावातल्या घरात राहतो आणि पहाटेची गाडी पकडतो, कारण मुगीला दुसरीकडे घर नाही. महिन्यातून दोनदा तो तिला योकोहामाला भेटीला नेतो.

काही दिवशी म्हातारा कुत्रीला ओळखतो, काही दिवशी विलासला. दोघांना एकाच दिवशी क्वचित. मुगीला ओळखलं नाही, की तो तिच्याकडे फार वेळ टक लावून बघतो, मांडीवरचे हात हळूहळू वर येतात, आणि विलास काही न बोलता उठून मधे जाऊन बसतो.