जुना चरा

भर उन्हाळ्यात वटार गावच्या आमच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन बंद पडलं आणि पानवेली माना टाकू लागल्या. शेजाऱ्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना पाठवलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं. आत काजळीचा जाड थर होता. मी घाईघाईने स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

"ठेव तो, बाय. लोखंडानं काजळी पटकन जाते, पन चरा पडतो. नवी काजळी मग पहिली तिथंच धरते."

पोफळीची काडी तासून, डिझेलमध्ये बुडवून ते हलक्या हाताने खरवडत बसले. मध्येच अंगठा फिरवून बघायचे. एकदा तो अंगठा थांबला.

"इंजिन पापडी गावचं का गं?"

"हो, तिथल्या एका वाडीवाल्याकडून जुनं घेतलंय. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी फडक्याने पुसून हेड माझ्यापुढे धरलं. केसाएवढा एक आडवा चरा होता.

"हा माझा. नवीन होतो, घाई केली."

हेड परत बसवल्यावर पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं, पाणी वेलींकडे धावलं. मी मात्र त्यांच्या अंगठ्याकडेच बघत राहिले. जन्मभर इतकी इंजिनं उघडली, तरी काजळीखालची आपली एक चूक त्या अंगठ्याने न बघता ओळखली होती.