मधे बोलायला बंदी

मी उत्तम गाते. आपल्याकडे हे दुसऱ्याने म्हणायचं असतं आणि आपण "छे हो, कुठलं काय" म्हणून मान खाली घालायची असते, पण मला तेवढा धीर नाही. मी ऑपेरा गाते, चर्चमधलं गॉस्पेल गाते, घानाच्या कोळ्यांची गाणी गाते आणि त्यावरच माझं घर चालतं. नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या काकूंना मात्र अजून वाटतं, की दिवसा मी कुठल्यातरी फार्मा कंपनीत असणार.

गाणं मला बाबांनी शिकवलं. बाबा इंजिनियर. मी चौथीत असताना आम्हाला नागपूरहून मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला घेऊन आले. तिथल्या बेसमेंटमध्ये ते रोज सकाळी तानपुरा लावून बसायचे. बाहेर बर्फाने गॅरेजचं दार उघडत नसलं तरी माझा सा लागलाच पाहिजे. गुरू म्हणून ते कडक आणि श्रोता म्हणून त्याहून कडक. मोठमोठ्या गवयांच्या मैफलीत आजूबाजूचे "क्या बात है" करत असायचे आणि बाबा तोंड मिटून. "दाद स्वस्त करायची नसते," म्हणायचे. मला त्यांनी आजवर एकदाही 'वा' म्हटलेलं नाही.

कॉलेजात मी ऑपेराकडे वळले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आवाज तुझा आहे. काय करायचं ते कर." त्यानंतर माझ्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. कधी गुडघा दुखायचा, कधी विमानाची वेळ सोयीची नसायची. मला त्याचा राग यायचा.

माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं मला ऑपेराने शिकवलं. गॉस्पेल शिकवलं ते इथल्या कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमधल्या म्हाताऱ्या बाईंनी. तिथला क्वायर त्या चालवतात आणि सगळे त्यांना 'मदर' म्हणतात. त्या कुणाला कागद देत नाहीत. त्या ओळ म्हणतात, मागून आपण म्हणायची, चुकली की पुन्हा. माझ्याबरोबर शिकायला आलेले ऑपेरावाले स्वरलिपी नाही म्हणून कासावीस व्हायचे. मी बाबांच्या हाताखालून गेलेली, मला त्यात नवीन काहीच नव्हतं. त्याच क्वायरमधल्या घानाच्या एका नर्सने मला जाळं ओढतानाची गाणी दिली. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, अशी ती गाणी.

गेल्या वर्षी या तिन्हींचा मिळून माझा एकटीचा पहिला कार्यक्रम कॅरीत ठरला. मदरनी त्यांच्या आईकडून आलेलं एक गाणं मला त्यासाठी दिलं, पण अट घातली. "हे गाणं नुसतं करून दाखवायचं नाही. समोर बसलेल्यांकडून ओळीला उत्तर आलं नाही तर तिथेच थांबायचं." मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला, "तिकीट काढलंय. येतोय मी."

बाबा एकदाच ऐकणार आणि काय ते कायमचं ठरवणार, हे मला पक्कं माहीत होतं. त्यात आमचं मंडळ. मागे एकदा ऑपेरात मी ऐन वरच्या स्वरावर असताना एक काका "जियो!" म्हणून ओरडले होते आणि अख्खा ऑर्केस्ट्रा वळून बघत होता. म्हणून मी ग्रुपवर मेसेज टाकला, "ही मैफल नाही. मधे वा वा, क्या बात है काही नको. टाळ्या शेवटी." बाबांनाही तोच पाठवला.

ऑपेराचा भाग झकास झाला. मध्यंतरात मी बाबांपाशी गेले. "कसं वाटलं?"

"तुझ्या मेसेजप्रमाणे बोलायला बंदी आहे."

"आता इंटरव्हल आहे, बाबा."

"कार्यक्रम संपला नाही अजून," म्हणत त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली.

शेजारी तेच जियोवाले काका होते. "मी तर यार खोकलापण कंट्रोल केलाय!" ते म्हणाले.

मग मदरचं गाणं आलं. पहिली ओळ म्हटली आणि उत्तरासाठी थांबले. पुढच्या रांगांतली सगळी मराठी मंडळी हाताची घडी घालून शाळेतल्यासारखी बसलेली. त्यांच्यामागे चर्चचे लोक. पुढचे एवढे गप्प आहेत म्हणजे इथली रीतच अशी असेल, असं समजून तेही गप्प. पुन्हा ओळ टाकली. पुन्हा शांतता. कडेच्या खुर्चीवरून मदर माझ्याकडे बघत होत्या.

मी थांबले. साथीचा पियानो थांबला. बाबांच्या भुवया वर गेल्या. गाणं मधेच सोडणं हे आमच्या घरात महापाप.

मी पुढे आले. आधी इंग्लिशमध्ये आणि मग मराठीत म्हणाले, "माझा तो मेसेज कॅन्सल. या गाण्यात गप्प बसलात तर मला पुढे गाता येणार नाही. वाटेल ते बोला, मोठ्याने बोला."

आधी हशा पिकला आणि मग काकांचा तुंबलेला खोकला बाहेर पडला. मी पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी चर्चच्या लोकांनी उत्तर दिलं, असं की पायाखालच्या फळ्या थरथरल्या. "आमेन"च्या जोडीला "जियो!" आलं. मी अशी गायले, की त्या दिवशी माझ्याहून चांगलं कुणी गायलं असतं असं मला वाटत नाही. मदर उठून उभ्या राहिल्या. बाबांचं तोंड मात्र मिटलेलंच.

असू दे, मी मनाशी म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी काय गायले ते मला कळलं होतं.

शेवटी जाळ्याचं गाणं. मी ओळ टाकली, मागच्यांनी उचलली. दुसऱ्यांदा टाकली तेव्हा अगदी पुढून एक घोगरा आवाज आला. घानाच्या शब्दांचं पार नागपूर झालेलं, पण स्वर चोख, वर एक छोटीशी मींडसुद्धा. बाबा डोळे मिटून, मांडीवर ताल धरून, माझ्यामागे ओळ म्हणत होते.

मी त्यांचा आवाज ऐकत राहिले. पुढची ओळ निघेना. हॉल वाट बघत राहिला. बाबांनी डोळे उघडले.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "पुढची ओळ दे."