सार न सांडणारे टायर

टायर निवडायला माणसाला किती वेळ लागावा? माझ्या दुकानात लोक येतात, भाव विचारतात, कपाळाला हात लावतात, घासाघीस करतात आणि अर्ध्या तासात नवे टायर घालून जातात. आमच्या वरदराज भावोजींनी एकोणीस दिवस घेतले. एकोणीस दिवस, चार पंचे आणि अकरा पातेली सार. वर मलाच म्हणाले, "मुरली, तुला घाईच फार."

भावोजी म्हणजे माझ्या कृष्णवेणी अक्काचे यजमान. वय एकसष्ट. कुंभकोणमात आमची मराठी घरं आहेत, त्यांतल्या कुठल्याही लग्नात, मुंजीत, श्राद्धात सार असायचं ते यांच्या हातचं. तमिळ लोक ज्याला रसम् म्हणतात ते. ताक-भातावर आलेली माणसं पुन्हा मागं फिरून सार-भात मागायची. पुण्याचे पाहुणे आमच्या बोलण्याला हसतात, शंभर वर्षांपूर्वीची मराठी म्हणतात. हसोत बापडे! सार वाढलं की तेही गप्प व्हायचे.

कोविडच्या सालात भावोजींना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक आणि जीभ घेऊन गेला. ना वास, ना चव. एका श्राद्धात त्यांनी साराला तीनदा मीठ घातलं. भटजींनी पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. त्या दिवशी अक्कानं त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. रागानं नाही हो, रडत रडत. पण घेतली.

मग सहा महिने हा माणूस परसात बसून होता. चूल अक्काची, मसाले अक्काचे, गिऱ्हाइकं अक्काची. शेवटी एक दिवस उठले आणि म्हणाले, "मी गाडी चालवतों." घरची जुनी व्हॅन होती. तेव्हापासून अक्का रांधायची आणि हे पोचवायचे. मला एकदा म्हणाले होते, "मुरली, एवढंच उरलंय रे माझ्याकडे."

आता तुम्ही म्हणाल, सार न्यायला एवढं काय लागतं? झाकण लावा घट्ट. अहो, हेच तर! अक्काचा नियम असा की, गरम साराला झाकण लावायचं नाही. कोथिंबीर उकडते आणि मेल्यासारखा वास येतो. वर केळीचं पान टाकायचं, बस्स. मांडवातच का रांधत नाही म्हणाल तर सार आमच्या विहिरीच्या पाण्याचंच हवं. म्हणजे चाळीस लिटर उकळतं सार, उघडं पातेलं, आपल्या इकडचे रस्ते आणि तिकडे मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. गाडी हळू नेली तर पंगत ताकावर येते. जोरात नेली तर सार गाडीच्या पोटात.

आणि तसंच झालं. आडुतुरैच्या मुंजीला निघाले, टायर गुळगुळीत झालेले, एका वळणावर गाडी घसरली आणि अर्धं सार सांडलं. अक्कानं घरी येऊन साफ सांगितलं, "तिरुविसनल्लूरचं लग्न आहे येत्या महिन्यात. तेव्हा एक थेंब सांडला किंवा पाच मिनिटं उशीर झाला, तर पुढच्या वेळी व्यंकटरमणाचा टेम्पो लावीन. तुम्ही घरी बसा." व्यंकटरमण आमच्या गल्लीतला टेम्पोवाला. भावोजी जेवले नाहीत त्या दिवशी.

दुसऱ्या सकाळी माझ्या दुकानात हजर. मी नीट समजावलं. एक टायर कडक रबराचा. रोजच्या चालवण्याला उत्तम, पाच-सहा वर्षं झिजत नाही, पण वेगात वळलात की जरा सरकतो. दुसरा मऊ रबराचा. रस्ता असा धरतो की वळणावर गाडी जागची हलत नाही, जोरात चालवणाऱ्याला मजा येते, पण दोन उन्हाळ्यांत संपतो. "तुम्हाला कोणता हवा?"

"दोन्ही."

"दोन्ही कसे, भावोजी?"

"मग लावून पाहू."

एकदा रस्त्याला लागलेला टायर मी नवा म्हणून कुणाला विकणार? पण अक्काचे यजमान! करतो काय? अडला हरी! दोन्ही जोड त्यांच्या हवाली केले. त्यांची पहिली अट, पातेल्यात पाणी भरायचं नाही. पाणी वेगळं हलतं, सार वेगळं. डाळीचं वजन असतं म्हणे. अक्का सार देईना, म्हणून दुकानाच्या मागे, टायर रचलेत तिथे, शेगडी मांडली आणि हा माणूस स्वतः सार करायला लागला. चव कळत नाही ती नाहीच. मग चाखायला कोण? माझा पंक्चरवाला सुंदर. पन्नाशीचा गडी, बोटांना कायम ग्रीस, पण जीभ तल्लख.

"मीठ?" भावोजी विचारायचे.

"चिमूटभर पाहिजे, अण्णा."

"चिंच?"

"जास्त झाली. गूळ टाका."

पहाटे पाचला निघायचे. साक्कोट्टैच्या रस्त्यानं, वळणं घेत, भरधाव. पातेल्याखाली पांढरा पंचा अंथरलेला. परत आल्यावर पंच्यावरचे डाग मोजायचे. कडक टायर, तीस हवा, चौदा डाग. मऊ टायर, तीस हवा, पाच डाग. मऊ टायर, अठ्ठावीस हवा, दोन डाग. आणि ते चारही पंचे दुकानापुढच्या दोरीवर वाळत घातलेले, चिठ्ठ्या लावून! मी ओरडलो, "अहो, हे दुकान आहे की परटाचा घाट?" तर गंमत बघा, गिऱ्हाइकंच पंचे वाचायला लागली. रिक्षावाले, शाळेचे मास्तर, एक दातांचा डॉक्टर, जो गाडी विमानासारखी हाकतो. उन्हात उभा राहून डोळे बारीक करून म्हणाला, "मला तो तिसरा पंचा आहे ना, तसले टायर द्या." दिले.

दुपारी उरलेलं सार आम्ही भाताबरोबर जेवायचो. सुंदरचं पोट सुटलं. आठव्या दिवसापासून शेजारचा लोखंडवाला डबा न आणता नुसता भात घेऊन यायला लागला. माझं लक्ष टायरांच्या झिजेकडे. बाकी काही माझ्या डोक्यात शिरलं नाही, गाढवच मी.

एकोणिसाव्या दिवशी पंचा कोरा निघाला. मऊ टायर, सव्वीस हवा, वळणं चौतीस, डाग शून्य. भावोजींनी तो पंचा घडी करून देवापुढे ठेवला.

लग्नाच्या दिवशी अक्का बाकीचे पदार्थ घेऊन वऱ्हाडाच्या बसनं पुढे गेली. सार शेवटी निघायचं, गरम पोचायला. भावोजी स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे सुंदर पातेल्यापाशी. काय गाडी हाकली हो! टायरांनी रस्ता धरला तो सोडला नाही. वळणं आली, गेली. मी मागे वळून पाहिलं, केळीचं पान जागच्या जागी. भावोजी हसत होते. त्यांना असं हसताना मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि समोर बदकं. शेतातून शेतात नेतात तसा कळप, तीन-चारशे तरी, सगळा रस्ता भरून. भावोजींनी ब्रेक दाबला. टायर खरंच उत्तम होते, मी विकतो ते. गाडी जागच्या जागी थांबली, एक वीत सरकली नाही. पण सार थांबलं नाही. ते आपल्या वेगानं पुढे आलं, सीटांच्या पाठीवर आपटलं, खाली आमच्या चपलांमधून वाहिलं आणि दाराच्या फटीतून रस्त्यावर गेलं. नशीब, भाजलं कुणाला नाही. एकोणीस दिवसांत आम्ही वळणं पाहिली, खड्डे पाहिले, हवा पाहिली. थांबून मात्र एकदाही पाहिलं नाही. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावणार कोण?

बदकं मागे फिरली आणि डाळ-टोमॅटो खाऊ लागली. भावोजी उतरून मैलाच्या दगडावर बसले. "संपलं, मुरली," म्हणाले. "आता मी परसातच."

सुंदर पुढे झाला. "अण्णा, पंगतीला एक तास आहे. काल केलंत तसं करा की."

"चव?"

"मी आहे ना."

वाटेत चिंच, टोमॅटो, डाळ घेतली. मसाल्याची बरणी गाडीतच होती, रोजच्या खटाटोपातली. लग्नघरी पोचलो ते मागच्या दारानं, चोरासारखे. पाणी तिथल्याच विहिरीचं. चूल पेटली. भावोजी मोजून घालत होते, सुंदर चाखत होता, मी धूर खात दारावर पहारा. फोडणी पडली आणि पहिल्या पंगतीला भात वाढला गेला. बरोबर तेव्हा अक्का आली.

तिची सवय, पळीतले चार थेंब तळहातावर घ्यायचे. घेतले, चाटले आणि थांबली.

"हे माझं सार नव्हे."

भावोजींनी सगळं सांगितलं. बदकं, ब्रेक, परकी विहीर. मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं. अक्कानं पुन्हा तळहातावर सार घेतलं.

"चाखलं कुणी?"

"मी, अक्का," सुंदर म्हणाला आणि ग्रीसचे हात पाठीमागे लपवले.

अक्कानं पदरानं डोळे पुसले. धूर फार झालाय म्हणून आधी माझ्यावर खेकसली. मग भावोजींना म्हणाली, "चार वर्षं लोकांना माझं सार वाढतेंय. नाव कुणी ठेवलं नाही. पण पुन्हा वाढा असंही कुणी म्हटलं नाही. मला कळत नव्हतं होय? गाडी द्या त्या व्यंकटरमणाला. उद्या पहाटे चुलीपाशी या. आणि ह्याला बरोबर आणा, हात धुवून."

"अग, पण नवे टायर..." भावोजी म्हणाले.

"टायर गेले खड्ड्यात!"

तेवढ्यात पंगतीतून एक म्हातारा ओरडला, "सार! इकडे आणखी सार!" अक्का पळी घेऊन निघाली होती, ती थांबली आणि बाजूला झाली. भावोजींनी साराची बादली उचलली आणि रडत रडत वाढायला गेले.