दम रोका, तीस सेकंद

वडसा ते भामरागड या टापूत असा एकही माणूस उरला नसेल, ज्याच्या कानशिलाला माझ्या साडूंनी थंडगार जेली फासलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची अख्खी नोकरी एका मोठ्या दवाखान्यात, लोकांच्या मेंदूतल्या रक्ताचा आवाज ऐकण्यात गेली. कानशिलापाशी हाड पातळ असतं. तिथे पेनाएवढी दांडी टेकवली की आत वाहणारं रक्त यंत्रातून 'हुश्श, हुश्श' असं ऐकू येतं. लोक निवृत्त होताना शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. आमचे साडू भंगारात निघालेलं तसलं एक यंत्र मागून घेऊन वडशाला आले आणि आठवडाभर स्क्रू पिळून त्यांनी ते बोलतं केलं.

तेव्हापासून त्यांनी कुणाला राम राम घातल्याचं मला आठवत नाही. माणूस दारात आला की नजर थेट कानशिलाकडे. "बसा भाऊ. दम रोका, तीस सेकंद." पाणी, चहा, घरची खुशाली, सगळं त्यानंतर. श्वास रोखला की शरीरात खराब हवा साठते, मेंदूला ते कळतं, तिथल्या नळ्या रुंद होतात, रक्त धावत सुटतं आणि यंत्रातला आवाज चढतो. चढला तर माणूस ठणठणीत. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणू शकेन. "धानाच्या बांधीचं कसं रायते? पाणी मागतलं का पाटाचं तोंड उघडते. डोस्क्याचंई तसंच आहे. पण बीपी, शुगर अन् खर्रा यायनं नळ्या कडक झाल्या का मंग बोंबला कितीबी, तोंड उघडतच नाई." हे ऐकवताना समोरच्याच्या खिशातली खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी ते स्वतःच्या हाताने काढून घेत. वडशात त्यांना येताना पाहून पानठेल्यावरची माणसं पांगायची, ती उगाच नाही.

नुसता श्वास रोखून त्यांचं समाधान होईल तर शपथ! विचार करायला लागलं तरी मेंदू थोडं जास्त रक्त मागतो म्हणे. म्हणून गावच्या एका पुढाऱ्याला भर सभेआधी दांडी लावून त्यांनी सतरा तेरे विचारले. आवाज होता तिथेच. "ह्याच्या डोस्क्यानं पाणी मागतलंच नाई," असं त्यांनी मंडपभर ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात मला सांगितलं. भामरागडच्या एका मासेमाऱ्याला दम रोकायला सांगून ते यंत्राची वायर शोधत बसले. वायर सापडली, जोडली, चहा झाला, तोवर तो गडी शांतपणे यांच्याकडे बघत होता. शेवटी त्यानेच श्वास सोडून विचारलं, "बस का अजून?" आणि झाडीपट्टीच्या नाटकातल्या एका नटीला तर तीन सेकंदही गप्प बसवेना. दर वेळी काहीतरी आठवायचं आणि ती बोलायची. पुतणीच्या सोयरिकीत यांनी पत्रिका बाजूला सारून मुलाचं कानशील मागितलं. मुलगा घाबरला, पण आवाज मस्त चढला. त्यांचा संसार आज सुखाचा चालला आहे, हेही खरं.

या साऱ्या पसाऱ्यात एकच डोकं सुटलं होतं, ते ताईंचं. ताई म्हणजे त्यांची बायको. मी एकदा विचारलं, "भाऊ, ताईंचं काऊन नाही पाहत?" तर म्हणाले, "तिले काय होते? चार जनाचं काम एकटी करते ते."

गेल्या हिवाळ्यात ताईंची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी नळी बरीच बुजली आहे. उरलेल्या नळ्या गरजेला अजून रुंद होतात का, हे कळलं तर पुढचं ठरवता येईल. त्यासाठी श्वास रोखायला हवा, आणि ताईंना तर सांगितलेलं उमजत नव्हतं. दवाखान्यात तीनदा प्रयत्न फसला. आठ दिवसांनी पुन्हा या, म्हणाले. त्याआधी घरच्या यंत्रावर करून पाहायचं साडूंनी ठरवलं आणि मला चंद्रपूरहून बोलावून घेतलं. "दांडी तू धर भाऊ. मी तिच्यासमोर बसून दम रोकून दाखवतो."

ताई खाटेवर बसल्या होत्या. मी उजव्या कानशिलाला दांडी टेकवली. साडू समोर स्टुलावर बसले. "पाह्य माह्याकडं. असा दम रोक." त्यांनी नाक दाबलं, गाल फुगवले. ताई नुसत्या बघत राहिल्या. दहा सेकंद, पंधरा. साडूंचा चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले. ताईंच्या कपाळाला आठी पडली. आणि माझ्या हाताखालचा आवाज चढायला लागला. मला त्यातलं काही कळत नाही, तरी मलाही कळलं. ताईंची छाती हलत नव्हती. नवऱ्याला काहीतरी होतंय या भीतीने त्यांचाच श्वास थांबला होता. साडूंना आनंदाने ओरडायचं होतं, पण ओरडले असते तर दम सुटला असता, म्हणून ते बिचारे मांड्यांवर थापा मारत राहिले.

मग डावी बाजू. त्यांनी गाल फुगवले, ताईंचा श्वास थांबला, पण आवाज काही चढेना. पुन्हा केलं. पुन्हा. दर वेळी ताई त्यांच्याबरोबर श्वास रोखत होत्या आणि दर वेळी तो आवाज होता तिथेच राहत होता. "भाऊ, पुरे," मी म्हटलं. "उजवीकडचा चढला ना? हे सांगू डॉक्टरांना."

"अजून एकडाव," ते म्हणाले. "मी पयलेच पाहाले पायजे होतं भाऊ. साऱ्या जगाचं पायलं."

त्यांनी पुन्हा गाल फुगवले. या वेळी ताईंनी डावा हात उचलला, त्यांच्या फुगलेल्या गालावर ठेवला आणि हलकेच दाबला. फुर्रकन हवा निघाली. मला हसू आलं. ताईही ओठांच्या एका कोपऱ्यातून हसल्या. साडू मात्र रडत होते, आणि मी तिथे आहे याची त्यांना लाज वाटत नव्हती.

मी जेली पुसली, दांडी खाली ठेवली, यंत्र बंद केलं. ताईंचा हात साडूंच्या गालावर तसाच होता.