केळ्याचं साल

प्रसादाच्या केळ्यांचा वास आला की मला ठाकुर्लीची आमची रेल्वेची चाळ आठवते. गणपतीत कल्याणहून मशीन आणून अंगणात मुका विनोदी सिनेमा दाखवायचे. धोतराच्या पडद्यावर एक लठ्ठ साहेब केळ्याच्या सालावरून घसरून पडायचा, आणि पोरांनी ओरडा केला की मशीनवाला रीळ उलटं फिरवायचा, मग साहेब तरंगत पुन्हा उभा राहायचा. एका वर्षी खेळ चालू असताना शेजारचे काका, चाळीतले मोठे सभ्य गृहस्थ, म्हणाले, “माणूस खरंच घसरतो का, बघू या,” आणि प्रसादाचं केळं संपवून त्यांनी साल नळाच्या वाटेवर टाकलं. माझी विधवा आत्या भरली कळशी घेऊन आली आणि साहेबासारखीच पाय वर करून आपटली. सगळी चाळ हसली. मशीनवाल्याने उजेड तिच्यावर वळवला. ती उठायला गेली, पुन्हा पडली, तेव्हा हसणं आणखी वाढलं. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे वडील, हसून हसून डोळे पुसत होते. कोणीतरी ओरडलं, “अरे, हिलाही उलटं फिरवा रे.” तोंडावर पदर धरून आत्याही हसली. खुबा मोडल्याचं तिला उचलून घरात नेल्यावर कळलं. पुढे ती जन्मभर लंगडली आणि चाळीतली पोरं तिला ‘साहेब’ म्हणत राहिली. परवा नातवाने मोबाइलवर तसलाच जुना सिनेमा लावला. लठ्ठ माणूस पडला, टोपी झटकून चालू लागला. मी हसले नाही, तसा नातू म्हणाला, “आजी, अगं तो पडला, बघ ना.” “पडला कुठे,” मी म्हटलं, “उठला की तो.”