पांढरीवरची चूल

सोनवणे मॅडम शाळेत रुजू झाल्या, त्याच शनिवारी त्यांनी सहावीचा वर्ग झाडू दिला नाही. मुली केरसुण्या घेऊन उभ्या आणि मॅडम दारात आडव्या. "आधी हात मागे, मग डोळे पुढे," असं म्हणत त्यांनी सगळ्या पोरांना हात पाठीमागे धरून वर्गभर फिरवलं. कोणत्या बाकाखाली काय पडलंय ते नुसतं बघायचं, उचलायचं नाही, आणि तिथं कोण बसतं ते ओळखायचं. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत होतो. मला वाटलं, नव्या बाईंचं काहीतरी हरवलंय.

पुढच्या शनिवारी ही फौज माझ्या खुर्चीपाशी आली. खाली बडीशेप सांडलेली, फरशीवर खुर्चीच्या मागच्या पायांचे ओरखडे, आणि भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीला तेलाचा डाग. पोरांनी निकाल दिला: सर जेवून येतात, मागे रेलतात आणि झोपतात. मी भडकलो. मॅडम अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "सर, तुमचं म्हणणं ऐकू की. पण डागाचं म्हणणं आधी आलंय ना." त्यानंतर कितीतरी दिवस मी बिनपाठीच्या स्टुलावर बसून शिकवत होतो.

त्या रोज धुळ्याहून एसटीनं यायच्या. इतिहासात एम.ए. करताना त्यांनी एक हिवाळा उत्खननाच्या छावणीत काढला होता, आणि तो हिवाळा त्यांच्या अंगातून काही गेला नव्हता. पर्समध्ये नवऱ्याचा दाढीचा जुना ब्रश असायचा. कुठं काही मातीत अर्धवट दिसलं, की साडीचा पदर खोचून त्या रस्त्यातच बसायच्या आणि ब्रश चालवायच्या. लोक बघतात म्हटलं, तर म्हणायच्या, "बघू द्या. बघायला शिकतील."

एका जूनमध्ये त्यांनी शाळेच्या मागच्या अंगणात पोरांकडून मातीची चूल करवून घेतली. तिच्यावर खिचडी शिजवली, सगळ्यांनी खाल्ली, आणि चूल तशीच पावसात सोडून दिली. मला ते शुद्ध वेडेपण वाटलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी पोरांना ती जागा हळूहळू उकरायला लावली. चूल विरघळून गेली होती. उरलं होतं काय, तर विटकरी रंगाची भाजलेली माती, तिच्यामध्ये राखेचा करडा थर आणि दोन जळके तांदूळ. त्या तांदळांसाठी पोरांनी जो कल्ला केला, तो सोन्याच्या मोहरांसाठीही केला नसता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही उकिडवा बसून बघत होतो.

आमच्या गावाबाहेर, बोरी नदीच्या काठावर एक टेकाड आहे. त्याला पांढरी म्हणतात. फार पूर्वी तिथं वस्ती होती, तिची माती साठून ते झालेलं. पूर्वी बायाबापड्या तिथली खारट माती पाटीनं आणून घराच्या मातीच्या धाब्यावर टाकायच्या, म्हणजे छत गळत नसे. आता घरांना स्लॅब आले आणि माती खत म्हणून ट्रॅक्टरनं शेतात जाऊ लागली. दर उन्हाळ्यात पांढरी एका बाजूनं खाल्ल्यासारखी कमी व्हायची. मॅडम पोरांना तिथं न्यायच्या, हात मागे धरूनच. एकदा पावसानं वाहून गेलेल्या उतारावर सातवीतली दीपाली थबकली आणि ओरडली, "मॅडम, हाई चूल शे!" मातीत विटकरी गोल, मध्ये राख, आणि कडेनं खापरं, शिंपले, एक फुटकं बोळकं. सगळं जिथल्या तिथं.

मॅडम तेव्हा रडल्या. मग डोळे पुसून सरपंचांकडे गेल्या. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पुरातत्त्वाचे एक साहेब येऊन जागा पाहायला तयार होते. सगळं जागच्या जागी पाहून त्यांना पटलं, तर पांढरी वाचण्याची आशा होती. सरपंच नाना म्हणाले, "साहेब येतस तवलगून ट्रॅक्टर बंद. मंग माले काही म्हनू नका." मॅडमना तेवढी मुदत पुरे होती.

साहेबांची तारीख ठरली आणि त्याआधीच मॅडमची बदली आली, पार जामनेर तालुक्यात. निरोपाच्या दिवशी पोरांनी चमकी कागदात गुंडाळलेलं खोकं पुढं केलं. मॅडमनी ते उघडलं. आत पांढरीवरची ती खापरं होती. साबणानं धुतलेली, खोबरेल तेल लावून लखलखीत केलेली. बोळकं तर फेव्हिकॉलनं जोडून त्याच्यावर रंगीत टिकल्या चिकटवलेल्या.

"बठ्ठं तुमनाकरता आनेल शे, मॅडम," दीपाली म्हणाली. आनंदानं तिला बोलवत नव्हतं.

मॅडमचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली. नाना, पालक, सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्या थांबल्यावर त्या खाली पोरांमध्ये जाऊन बसल्या. "तुम्ही माझ्यासाठी आणलंत, ते मला फार आवडलं," त्या म्हणाल्या. "आणि ते तिथून उचललंत, याचं मला फार वाईट वाटतंय. दोन्ही खरं आहे." कोणीतरी मुसमुसायला लागलं. दीपालीनं विचारलं, "मंग परत ठी दिऊत?"

"ठेवू. पण मग ते आपण ठेवलेलं होईल, त्या जुन्या माणसांचं नाही."

आम्ही सगळे पांढरीवर गेलो. ज्यानं जे खापर उचललं होतं, त्यानं ते आठवून त्या जागी ठेवायचं. दोघा-तिघांची भांडणं झाली, पण तासाभरात चुलीभोवतीचा गोल बऱ्यापैकी जमला. टिकल्या काढल्या, वर माती भुरभुरवली. लांबून पाहिलं तर काही कळत नव्हतं. मी मॅडमना हळूच म्हणालो, "झालं तर मग. साहेबांना काय समजणार? पांढरी वाचेल." त्यांनी पर्समधून रुपयाचं नाणं काढलं, नवंकोरं. ते त्यांनी बोळक्याखाली दाबून ठेवलं. "उद्या कुणी खणलं तर त्याला कळायला पाहिजे," त्या पोरांना म्हणाल्या, "की इथं आपले हात लागून गेलेत. आम्ही छावणीत खड्डा बुजवताना असंच करायचो."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. आठवड्यानं साहेब आले. मी होतो, नाना होते, पोरं होती. साहेब चुलीजवळ वाकले, खूश झाले, "वा, छान!" म्हणून कॅमेरा काढला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि वाकून चपलेतला खडा काढू लागलो. आता कोणी काही बोललं, तर ट्रॅक्टर सोमवारीच सुरू होणार होता.

"साहेब, तेना फोटो काढू नका," दीपाली म्हणाली. "ते आम्ही ठेयेल शे." आणि पुढं होऊन तिनं बोळकं अलगद उचलून खालचं नाणं दाखवलं.

साहेबांनी नाणं उचलून त्यावरचं साल वाचलं. मग कॅमेरा बंद करून त्यांनी विचारलं, "हात न लागलेलं काही आहे का इथं?" पोरं एकदम उताराच्या दुसऱ्या अंगाला पळत सुटली, साहेब त्यांच्या मागे, धोतर सावरत नाना त्यांच्या मागे.

संध्याकाळी मी मॅडमना फोन लावला. पांढरीचं काय झालं, हे त्या आधी विचारतील म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. पण नाण्याची हकीकत ऐकल्यावर त्यांनी दुसरंच विचारलं.

"दीपाली आपण होऊन बोलली? कुणी सांगायला लावलं नाही ना?"

"नाही हो. कुणी काही बोललं नाही. मी तर नाहीच नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता पांढरीचं सांगा."