कौसल्याबाईंची बंदी घातलेली कुरोडी

नागपूरच्या कडेच्या वस्तीत कौसल्याबाई मेश्रामांच्या कुरोडीला तोड नव्हती. गव्हाचा चीक आटवावा तर त्यांनीच. पण यंदा गच्चीवर लुगडं अंथरून पांढऱ्याशुभ्र कुरोड्या घातल्या, की संध्याकाळी त्या काळ्या. शेजारच्या कारखान्याची राख! नातू खोकून बेजार, आणि तक्रार घेऊन गेलं तर कारखान्याचा चौकीदार गेट उघडायला तयार नाही. शेवटी सून मोनाली रोज कुरोडीचा फोटो इंटरनेटवर टाकू लागली. पेजचं नाव ‘आजची कुरोडी’. हळूहळू अख्ख्या वस्तीचे काळे पापड तिथं आले.

मग एक दिवस इंटरनेट कंपनीचा मेसेज आला. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असल्यानं सरकारी आदेशावरून हे पेज भारतात दिसणार नाही. आदेश गोपनीय आहे.

"काहून वं, कुरोडीनं दंगा केला का?" कौसल्याबाईंनी सुनेला विचारलं.

मोनालीनं दाद मागितली. कंपनीच्या यंत्रानं तत्परतेनं कळवलं, आम्ही मानवी हक्कांचा आदर करतो. आमची सेवा कशी वाटली, तारे देऊन सांगा.

डब्लिनला नर्स असलेल्या लेकीचा, नंदिनीचा फोन आला. "आई, इथं तर पेज मस्त दिसून राहिलं!"

म्हणजे राख वस्तीच्या डोक्यावर आणि ती पाहायची आयर्लंडनं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तशात कारखान्याला दुसरी चिमणी हवी झाली. शाळेत जनसुनावणी लागली. आता तिथं होकार मिळाला की नातवाच्या छातीचं काही खरं नव्हतं. सुनावणी घ्यायला आलेल्या मोठ्या सरकारी साहेबांनी फोन चाळला आणि समाधानानं मान हलवली. "इंटरनेटवर तर एकही तक्रार दिसत नाही."

दिसणार कशी?

कौसल्याबाई उठल्या. घरून तळून आणलेल्या काळ्या कुरोड्यांचा डबा त्यांनी टेबलावर उघडला.

"तक्रार नाही म्हणता ना साहेब? मंग खा."

साहेबांनी डब्यात पाहिलं. "आज माझा उपास आहे."

डबा कारखान्याच्या मॅनेजरपुढे गेला. त्यांचाही उपास निघाला. छोट्या साहेबांनी तर पोटावर हात ठेवून कडक उपास असल्याचं सांगितलं. वार होता बुधवार. वस्ती खो खो हसत सुटली.

कौसल्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाकडे वळल्या.

"लिहून घे गा बाबू. साऱ्या साहेबायचा उपास आहे. ह्याच कुरोडीनं तो सुटंल, तवाच दुसरी चिमणी."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि लिहून घेतलं.